रिक्षाच्या वेगाचं मराठी

सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझा निबंध ऐकता ऐकता निघून गेले.

कॉलेजचा पहिलाच आठवडा होता. मी आतल्या, डोंगराकडच्या गावातली, भातशेतीवाल्यांच्या घरातली मुलगी. शिकायला म्हणून चौलला मावशीकडे येऊन राहिलेली. निबंधस्पर्धेत तालुक्यात पहिली आले होते, तेही सूर्यास्तावर लिहून. इथल्या किनाऱ्यावर सूर्य रोज मावळतो आणि त्याला कुणी तिकीट लावत नाही. तरी माझ्या निबंधात तो तेजोनिधी होता, समुद्र रत्नाकर होता आणि मी स्वतः बहुतेक वेळ अंतर्मुख होते. मावशीनं प्रमाणपत्राला फ्रेम करून ते फ्रिजवर ठेवलं होतं. सरांनी कौतुक करावं एवढीच माफक अपेक्षा होती.

सर व्हरांड्याच्या एका टोकाला उभे होते. "वाच," म्हणाले आणि चालायला लागले. मी वर्गाच्या दारात उभी राहून वाचत होते. ते माझ्या समोरून गेले, चिंचेच्या झाडापाशी वळले आणि शिक्षकांच्या खोलीत शिरले. माझं पहिलं वाक्य अजून चाललंच होतं. थोड्या वेळानं त्यांनी खोलीतून डोकं बाहेर काढलं.

"मला 'तेजो' एवढं मिळालं. पुढचंही तू वाचलं असशील, पण मी गेलो होतो."

हा प्रकार विक्षिप्तपणाचा नसून अभ्यासक्रमातला आहे, हे मला वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं. मराठीच्या एका पेपरात 'माध्यमांसाठी लेखन' असा भाग होता. विद्यापीठाची कल्पना अशी असावी की मुलांनी एखाद्या आकाशवाणी केंद्रात किंवा वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन प्रात्यक्षिक करावं. आमच्या पंचक्रोशीत माध्यम म्हणून एकच गोष्ट नियमित चालत होती, ती म्हणजे युसूफभाईंची रिक्षा. टपावर भोंगा, आत बॅटरी, मागच्या सीटवर माईक. नाटक, कबड्डी, रक्तदान, पाणी बंद, वीज बंद, हरवलेली गाय, मयत, सगळं त्या भोंग्यातून. सरांनी प्राचार्यांना पत्र दिलं की या भागातलं सर्वांत प्रभावी माध्यम त्यांनी शोधलं असून विद्यार्थ्यांना तिथं पाठवण्याची परवानगी मिळावी. प्राचार्यांनी पत्र नीट न वाचता सही केली. मग एका संध्याकाळी त्यांच्याच दारावरून आमच्या कॉलेजचा एक मुलगा सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीची खबर देत गेला, तेव्हा त्यांना कॉलेजच्या प्रतिष्ठेची आठवण झाली. पण सही झालेली होती.

युसूफभाईंचा एक नियम होता. रिक्षा थांबणार नाही. हळू चालेल, पण थांबणार नाही.

"थांबलो की लोक गप्पा मारायला येतात," ते म्हणायचे. "मग ऐलान राहतो बाजूला आणि मला चाय प्यावी लागते."

त्यामुळे एका घराच्या वाट्याला आवाज यायचा तो रिक्षा त्या दारावरून पुढं जाईपर्यंत. तेवढ्यात जे सांगून होईल ते साहित्य, बाकीचं पुढच्या घराला. सरांना हा नियम इतका आवडला की कवितेपासून रजेच्या अर्जापर्यंत सगळं लिखाण ते याच मापानं मोजत. मुलानं दारात उभं राहून वाचायचं, सर रिक्षाच्या चालीनं पुढून जाणार. पसंत पडलं तर म्हणायचे, "ऐकू आलं." याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. नापसंतीचं वाक्य होतं, "मी गेलो होतो."

दिसायला ते मुळीच विक्षिप्त नव्हते. इस्त्रीचा शर्ट, साधी चप्पल, वरच्या खिशात आमसुलाची पुडी. वर्गात कुणी जडजड बोलायला लागलं की ते एक आमसूल तोंडात टाकत आणि डोळे मिटून घेत. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका पाहुण्यांच्या भाषणाला त्यांनी अख्खी पुडी संपवली. दुसऱ्या दिवशी घसा धरला म्हणून त्यांनी रजा घेतली, आणि अर्जात कारण म्हणून त्या पाहुण्यांचं नाव लिहिलं.

विशेषणांना ते पाहुणे म्हणत. "एक आला तर चहा टाकू. चार एकदम आले तर घरच्यांनी बसायचं कुठं?" आमच्या संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेत इतके अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि प्रमुख उपस्थिती होती की तारीख मागच्या बाजूला गेली होती. सरांनी ती पत्रिका फळ्यावर चिकटवली आणि विचारलं, "हे कशाचं आमंत्रण आहे, ते कुणी सांगेल?" कुणाला सांगता आलं नाही. मलाही नाही, आणि ती पत्रिका मीच लिहिली होती.

हो, तोपर्यंत मी कॉलेजची अधिकृत लेखिका झाले होते. सर सोडून सगळ्यांना मी आवडत होते.

रिक्षात बसायची माझी पाळी आली ती कबड्डीच्या निमित्तानं. जवळच्या गावात स्पर्धा चालू होत्या. समोरच्या संघाची गाडी घाटात बंद पडल्यामुळे अंतिम सामना दुसऱ्या दिवसावर गेला. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नाना म्हणत, स्वतः येऊन सांगून गेले, "सामना आज नाही, उद्या आहे. येवढंच लोकांना कळवा." मी दुपारभर बसून मजकूर केला. तो 'मातीशी इमान राखणाऱ्या रांगड्या खेळाच्या दर्दी रसिकहो' असा सुरू व्हायचा, वाटेत महाराष्ट्राच्या क्रीडापरंपरेला वंदन करायचा, आणि मग खेदाकडे वळायचा. सर मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मजकूर वाचला, एक आमसूल तोंडात टाकलं आणि गप्प राहिले. मला वाटलं, जिंकलं.

संध्याकाळी मैदान भरलं. म्हातारेकोतारे सतरंज्या घेऊन, बायका पोरांना नटवून आलेल्या. वडापावची गाडीही लागली. खेळाडू तेवढे नव्हते. नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोरी, तू नक्की काय सांगितलंस लोकांना?"

"उद्या आहे म्हणून सांगितलं."

"आमच्या आळीत तर नुसता नमस्कार झाला," सतरंजीवरचा एक आजोबा म्हणाला. "मला वाटलां, सगल्यांना मानानं बोलावत्यात. म्हनून नातवालाही आनला."

"खेदाचं काहीतरी होतं," दुसरा म्हणाला. "पर त्ये पाटलांच्या दाराशी. पाटील गावाला गेलेत."

लोक हसले, वडापाव खाऊन घरी गेले. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. परत येताना सरांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तुझा मजकूर ऐकणारी बाई, ती दारात उभी राहून काय करत होती?"

"मी बघितलं नाही सर."

"भांडी घासत होती? पोराला भरवत होती? सासूशी भांडत होती?"

"माहीत नाही."

"मग लिहिलंस कुणासाठी?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर होतं, आणि ते मावशीच्या फ्रिजवर होतं. मी ते दिलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं मी छाटत होते. मजकूर आखूड होत गेला. पाणी बंद, हरवलेली गाय, मोतीबिंदू शिबिर. कधीतरी "ऐकू आलं" मिळायला लागलं. प्राचार्य मला म्हणाले, तुझी भाषा अलीकडे जरा साधी झाली आहे, घरी सगळं ठीक आहे ना. पण मनातून मला वाटायचं की ही हातसफाई आहे, लेखन नव्हे. लेखन म्हणजे काहीतरी घडवणं. गाय हरवल्याचं सांगून गाय सापडते, पण त्यात माझं काय. मी कादंबरी लिहायचं ठरवलं होतं, आणि ती मला जमणार की मी जन्मभर पाणी बंद करत राहणार, हे मला कुणाला तरी विचारायचं होतं. सरांना विचारायचा धीर नव्हता. ते निघून गेले असते.

तिसऱ्या वर्षी परीक्षा आटोपल्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर वादळाची बातमी आली.

बातमी सगळ्यांच्या फोनवर होती, आणि म्हणूनच तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्याच फोनवर आदल्या महिन्यात समुद्रात देवमासा चालताना दिसला होता. त्यातून त्या सकाळी ऊन लख्ख पडलेलं. खाडीच्या तोंडाशी वाळूला लागून कोळीवाडा, कौलारू आणि पत्र्याची घरं; पाणी चढलं तर पहिलं तिथं. तहसील कचेरीतून युसूफभाईंना छापील कागद आला होता. सरकारी दवंडी दुसऱ्या कुणी वाचायची नाही, ती त्यांनीच वाचायची, असा करार. ते एक फेरी मारून कॉलेजच्या फाटकाशी आले तेव्हा सर आणि मी पायरीवर बसलो होतो.

"कुणी हललं का?" सरांनी विचारलं.

"एक कुत्रं उठलं," युसूफभाई म्हणाले. "सर, ये कागज अजीब आहे. 'सर्व संबंधितांनी' म्हणेपर्यंत मी निम्म्या वाड्यात पोचतो. शेवटच्या घरांना नुसतं ऐकू जातं, 'प्रशासन जबाबदार राहणार नाही.' ते लोक म्हणाले, कधी होतं?"

सरांनी कागद वाचला. आमसूल काढलं नाही. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं.

"लिही."

"सर, आज तुम्ही लिहा. हे कबड्डीचं नाही."

"मला छाटता येतं," ते म्हणाले. "लिहिता येत नाही. येत असतं तर इतकी वर्षं तुम्हा पोरांच्या मागं लागलो असतो का? लिही. दुपारनंतर पाणी चढेल."

मी लिहिलं. 'वादळ येतंय. दुपारच्या आत घर सोडा. शाळेत चला.' सर रिक्षाच्या चालीनं माझ्यापुढून गेले, वळून म्हणाले, "ऐकू आलं." युसूफभाईंनी आधी सरकारी कागद वाचला, कारण करार होता, आणि मग माझा. वाड्यातून पूर्ण फेरी झाली. या वेळी प्रत्येक दारात प्रत्येक शब्द पोचला, ते मी मागच्या सीटवरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लोकांनी मान वर केली, ऐकलं, मान हलवली, आणि पुन्हा आपापल्या कामाला लागले.

शाबासकी मिळाली होती आणि एकही माणूस हललेला नव्हता.

"थांबवा," मी म्हटलं.

"रिक्षा थांबत नाही," युसूफभाई म्हणाले.

मी चालत्या रिक्षातून उतरले. मागून सर काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही.

पहिल्याच ओट्यावर हिराबाय बसली होती. वाड्यातली वजनदार बाई. तिच्याशी वाकडं घेऊन तिथं कुणाचं लग्न ठरत नसे. तिच्यापुढं सुके बोंबील आणि सोडे पसरलेले, आणि ती ते भराभर गोण्यांत भरत होती. मासेमारी बंद होण्याचे दिवस. पावसाळाभर घरात खायचं आणि बाजारात विकायचं ते हेच.

"आजी, भोंगा ऐकलात ना?"

"मी बहिरी हाय का?"

"मग निघत का नाही?"

"वादल येतंय त्ये तुझ्या आधी मला म्हाईत हाय," ती म्हणाली. हात चालूच होते. "मी निंगंन. पर ह्या मासलीला पाय हायत का? पानी लागलां की चार महिने आमी काय खावाचां? तुझा भोंगा?"

"शाळेत घेऊन चला."

"हेडमास्तर घेईल? गेल्या साली माझी सून पोराच्या दाखल्याला गेली, त त्यानं नाकाला रुमाल लावला. नुसती सून व्हती, संगं मासली न्हवती."

मी शाळेकडे पळाले. दुमजली, स्लॅबची, गावातली एकच भक्कम इमारत. खालचे वर्ग हेडमास्तरांनी उघडून दिले होते, माणसांसाठी. गोण्यांचं नाव काढताच त्यांनी खरोखर रुमालाला हात घातला.

"वरच्या खोलीत ठेवू," मी म्हटलं.

"वर संगणक कक्ष आहे."

"संगणक आलेत?"

"यायचेत. आधी उद्घाटन आहे. साहेबांची तारीख मिळत नाही."

वर जाऊन पाहिलं तर एक मोठी, स्वच्छ, रिकामी खोली, आणि तिच्या दाराला बांधलेली लाल रिबीन. तारखेची वाट पाहून तिचा रंग उडाला होता. तेवढ्यात सर जिना चढून आले. त्यांना धाप लागली होती. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं.

"साहेबांचं काय म्हणणं असतं, शाळा समाजाची आहे ना?"

"हो, पण साहेब..."

"मग समाज आलाय म्हणून सांगा."

हिराबाय गोणी डोक्यावर घेऊन जिन्यात उभी होती. माझ्या मागोमाग ती कधी निघाली मला कळलंच नाही. ती हेडमास्तरांना वळसा घालून दारापाशी आली, रिबीन खांद्यानं बाजूला लोटली. ती तुटली. आत जाऊन तिनं खोलीचा चारी बाजूंनी अंदाज घेतला आणि समुद्राच्या उलट बाजूची भिंत धरून गोणी टेकवली. अशा रीतीनं संगणक कक्षाचं उद्घाटन सुक्या बोंबलाच्या शुभहस्ते झालं. हेडमास्तरांनी रुमाल खिशात ठेवला, एवढं मी त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

मी तिथंच जिन्यात बसून तिसरा मजकूर लिहिला.

'हिराबायची मासळी शाळेत वर पोचली. तुमचीही आणा. भिंतीकडची कोरडी जागा हिराबायनं धरली आहे.'

सरांनी तो हातात घेतला. त्यात वादळ नव्हतं, धोका नव्हता, घर सोडायला कुणी सांगत नव्हतं. ते चालायला निघाले नाहीत. जागेवर उभे राहून त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे खरं आहे?"

"मी बघितलं सर."

त्यांनी पेन उघडलं, कागदावर धरलं आणि परत बंद केलं. छाटायला काही नव्हतं. मग ते खाली जाऊन स्वतः रिक्षात बसले.

पुढचं मी वरच्या खिडकीतून पाहिलं. रिक्षा वाड्यात शिरली, भोंग्यातून युसूफभाईंचा आवाज. पहिल्या घरातून एक बाई बाहेर आली आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. शेजारीण आत गेली ती गोणी घेऊनच बाहेर आली. मग तिसऱ्या दारात आरडाओरडा. रिक्षा निम्म्या वाड्यात पोचेपर्यंत मागची गल्ली भरली होती. डोक्यावर गोण्या, हातात कोंबड्या, कडेवर पोरं, एकमेकींना कोपरं मारत, शिव्या देत, अख्खा कोळीवाडा शाळेच्या दिशेनं येत होता. घाबरलेलं त्यांत कुणी दिसत नव्हतं. सगळ्यांना भिंतीकडची जागा पाहिजे होती. आणि सगळ्यांच्या मागून, हॉर्न वाजवत, युसूफभाईंची रिक्षा अडकून पडली होती. थांबली होती.

मी तेव्हा हसत होते की रडत होते ते मला आज सांगता येणार नाही. पण खिडकीच्या गजाला धरून मी स्वतःशी मोठ्यानं म्हणाले, "जमलं." कादंबरीबद्दलचा प्रश्न मी सरांना पुढं कधी विचारला नाही.

वादळ दुपारी आलं. चौलच्या सुपारीच्या वाड्यांमधली झाडं आडवी झाली, मावशीचे पत्रे उडाले. कोळीवाड्यात कंबरभर पाणी शिरलं. घरं पडली, माणूस एकही गेला नाही. पुढं एका अधिकाऱ्यांचा समयसूचकतेबद्दल सत्कार झाला. त्यात शाल, श्रीफळ, मानपत्र होतं आणि मानपत्रात पाहुणे भरपूर होते. सर आणि मी शेवटच्या रांगेत होतो. त्यांनी आमसुलाची पुडी माझ्यापुढं धरली. त्याआधी त्यांनी ती कुणाला दिलेली मी पाहिली नव्हती.

पण मला आठवते ती वादळाचीच दुपार. बाहेर वारा किंचाळत होता, आत वरच्या खोलीत गोण्यांची थप्पी छतापर्यंत गेलेली आणि वास असा की डोळ्यांना पाणी यावं. हिराबाय आपल्या भिंतीला पाठ टेकून बसली होती. सर, युसूफभाई आणि मी तिच्यासमोर जमिनीवर. तिनं आम्हाला चुरमुरे दिले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"खोली उघडवलीस त्ये बरां केलास. तू कालेजची ना?"

"हो."

"लिवतेस ना तू? कबड्डीचां तूच लिवलं व्हतंस."

"हो."

"मग ह्या युसूफकडनं शिक जरा. सकालपासून दोनदा बोंबलला, कोन उठला न्हाय. मग त्याचां डोकां चाललां. माझां नाव घेतलां, जागा सांगितली. तवा समदी धावली. सादा मानूस, त्याला कललां कसां बोलाचां. तुमी लिवलां असतंव त आमी अजून घरातच बसलो असतो."

युसूफभाईंनी तोंड उघडलं. सरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच दाबून धरला. मी युसूफभाईंकडे वळून म्हटलं, "खरंच, फार छान बोललात."

त्यानंतर माझी पुस्तकं आली. परीक्षणंही आली, काही बरी होती, काही मनापासून लिहिलेली होती. हिराबायच्या तोडीचं अजून एकही आलेलं नाही.